पंचावन्न दिवस

देब्रे ताबोरला हुदादेचा उपास लागला
की आधी कळतं ते कुत्र्यांना.
गेबेयेहूच्या मटणाच्या दुकानाला कुलूप.
ती पायरीवर तशीच बसून राहतात आठवडाभर,
मग वैतागून टेकडीकडे निघून जातात.

देवळातला ढोल भिंतीला टेकवून ठेवलेला,
पंचावन्न दिवस कातड्यानंही बोलायचं नाही.
दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही,
दुपारी प्रार्थना संपेतो पाण्याचा थेंब नाही.
वासरांची मात्र चंगळ.

आम्ही अकरा जणं. तीननंतर एका ताटाभोवती.
इंजेरा, वर शिरो, मसूर, कडेला हिरवी मिरची.
हात एकाच ताटात, त्यामुळे
कोण किती भुकेलं आहे ते लपत नाही.
गेबेयेहू घास मोठा घेतो, ओशाळतो,
आणि तोच शेजारच्याला भरवून मोकळा होतो.
मी शाळेत गणित शिकवते.
दोनच्या तासाला फळ्यावरचं वर्तुळ
मला इंजेरासारखं दिसतं, हे मी सांगून टाकते.
सगळे हसतात.
एकटीनं उपास धरला असता
तर हे सांगितलं असतं कुणाला?

यंदा तिसऱ्या आठवड्यात एताग्गेन्यू आजारी पडली.
वय चौऱ्याऐंशी. डॉक्टर म्हणाला, दूध हवं.
अब्बा मेलाकू स्वतः चढण चढून आले,
धाप ओसरल्यावर म्हणाले,
आजाऱ्याला उपास नाही, देवाला कळतं.
ती म्हणाली,
देवाला कळतं हो, माझ्या घशाला कळत नाही.
सात वर्षांची होते तेव्हापासून
कधी एकटीनं सोडला नाही.
तुम्ही सगळे कोरडे बसणार
आणि मी ओठ ओले करू?

अब्बा नुसते दाढी कुरवाळत राहिले.

गेबेयेहू उठून गेला. परतला तो मडकं घेऊन,
वासराला बाजूला सारून काढलेलं, अजून कोमट.
कप तिच्या हातात दिला
आणि काही न बोलता
आपली शाल डोक्यावरून तोंडावर ओढून घेतली.
मग त्याच्या बायकोनं. मग मी.
एकेक करत दहा पांढऱ्या शाली,
सुताआडून दिसायचा तेवढा दाराचा उजेड.

ऐकू मात्र सगळं आलं.
कप दाताला लागला. थांबली.
एक घोट.
बराच वेळ काहीच नाही.
मग दुसरा.
दुधाचा वास खोलीभर पसरला,
माझ्या पोटात कुणी राखेनं
रिकामं पातेलं घासावं तसं झालं.
शाल कुणी काढली नाही.

"झालं," ती म्हणाली,
"आता श्वास घ्या."

तेव्हापासून रोज तीनला
आधी शाली, मग ताट.
अजून सव्वीस दिवस आहेत.
ढोल भिंतीशीच.
एताग्गेन्यू काल उशीला टेकून बसली,
मिरची कमी पडली म्हणून कुरकुरली.
वासरू गेबेयेहूकडे बघत नाही.