कडी

यॉर्कहून हुकूम आला: पापं आता लॅटिनात नकोत,
नांगरणाऱ्याला कळतील अशी लिहा, ईस्टरच्या आत.
सोबत कातड्याची सोळा पानं. एकाला भोक,
कोकराला जिवंतपणीच माशी चावली असणार.

गर्व सोपा गेला.
खिडकीतून गिरणीवाला दिसतो, त्याच्याकडे बघत लिहून काढला.
खादाडपणाला आमच्या बोलीत इतके शब्द
की उपासाच्या दिवसांत लिहिताना
मलाच दोनदा थुंकी गिळावी लागली.

अडलो ते चौथ्याशी.
आळस म्हणावं, तर होल्डरनेसच्या या दलदलीत आळशी कोण?
अंधारात ईल धरायला उतरतात,
झोपतात तेसुद्धा घाईत.
लॅटिन शब्द वेगळंच काही सांगतो,
जिवाच्या आत धरलेलं हिव.
तीन शब्द लिहिले, तिन्ही चाकूनं खरवडले.
कातडं तिथं इतकं झिजलं
की मेणबत्ती पलीकडून दिसायला लागली.

शुक्रवारी एव्हिस आली, बिअर गाळणारी.
मापात पाणी घातलं, म्हणाली.
ते माझ्याकडे होतंच: लोभ, तिसरी फांदी.
पण ती उठेना.

"दुष्काळाचा दुसरा हिवाळा, फादर.
हॉजचा पोरगा दाराशी आला होता.
ठोठावलं नाही त्यानं,
नुसतं नख ओढत राहिला लाकडावर.
मी जागी होते. चुलीवर पेज होती.
पोराचा राग नव्हता, पेजही पुरली असती.
कडी हाताशी होती.
मी उठले नाही, एवढंच.
हे कशात बसतं?"

मी पानं चाळली. वाऱ्यानंही थोडी चाळली.
मग सात शुक्रवार पाव आणि पाणी, असं काहीतरी सांगितलं.
ती मान हलवून गेली,
फसवलं गेल्यावर बाजारात हलवतात तशी.

रात्री खरवडल्या जागेवर जपून लिहिलं:
जागं असून कडी न काढणं.
लॅटिनात एक शब्द, आमच्यात पाच.
यॉर्कला हे आवडणार नाही.

शाई वाळेना. हवा दमट होती.
हॉजच्या झोपडीपासून एव्हिसचं दार
तिसरं.
पहिलं माझं.