एक घर सोडून

ईश्वरीच्या वहीत आज चौकटीचं पान.
सत्तेचाळीस गुणिले अडतीस.
ती वाचते, "चाळीस सात गुणिले तीस आठ,
बाई म्हणतात, आधी सुटं करून बघा."
असेल. आमच्या वेळी संख्या यायची ती
तोंड शिवलेल्या गोणीसारखी,
आत दशक किती, एकक किती,
ज्यानं उचलली त्यालाच कळायचं.

कोपरखैरण्यात साडेनऊ वाजलेत.
पंख्यानं पान उडतं म्हणून तिनं त्यावर
माझा आकडा ठेवलाय. लोखंडी,
गोण्या ओढायचा.
त्याच्या वळणाच्या आत तिचे आकडे.

सात आठे छप्पन्न. सहा खाली, हातचे पाच.
हातचे ती खरोखर मुठीत धरते,
कुणी काढून घेईल अशी.
चार आठे बत्तीस नि पाच सदतीस.
तीनशे शहात्तर.
मग तीनचा फेरा, एकशे एक्केचाळीस,
आणि बेरीज, सरळ खालच्या खाली:
पाचशे सतरा.

चूक, मी म्हटलं.
"बघितलंसुद्धा नाहीत तुम्ही!"
अगं, सत्तेचाळीसच्या दहाच गोण्या
जिथं चारशे सत्तर भरतात,
तिथं अडतीस गोण्या पाचशे सतरात
कुठल्या ट्रकनं आल्या?

तिला पटेना. मग ताळा काढायला बसलो,
मापाडी सोपानअण्णांनी शिकवलेला, नवाचा.
चार नि सात अकरा, एक नि एक दोन.
तीन नि आठ अकरा, पुन्हा दोन.
दोन दुणे चार.
आता तुझं उत्तर: पाच, एक, सात, तेरा.
एक नि तीन
चार.

ती टाळ्या पिटते. मी गप्प.
तीस वर्षं याच ताळ्यावर
हजेरीची चिठ्ठी तपासून सही केली.

बरं, ताळा राहू दे. बाजारातल्यासारखं कर.
पन्नासची भरती धर, अडतीस गोण्या, एकोणीसशे.
कांदा सुकतो, गोणीमागं तीन किलो तूट.
अडतीस त्रिक एकशे चौदा, वजा.
सतराशे शहाऐंशी.

ती बघत राहिली. बोट ओळीवरून मागं नेलं,
आणि कपाळावर हात मारला:
"घर सोडायचं राहिलं!"
दशकानं गुणताना एक घर सोडून लिहायचं,
रिकाम्या घरात शून्य, नाहीतर विसरायला होतं.
हां. म्हणजे ताळ्याला
रिकामं घर दिसतच नाही तर.
अण्णांनी हे सांगितलं नव्हतं.
कदाचित त्यांनाही ठाऊक नसावं.

खोडरबरानं कागद जरा फाटलाच.
पुढचा प्रश्न, रिकामी जागा भरा:
सत्तेचाळीस गुणिले अडतीस
बरोबर अडतीस गुणिले किती?
याला ती थांबलीसुद्धा नाही.
"क्रम बदलला तरी गुणाकार तोच. नियम आहे, पप्पा."

कागदाचा असेल. माझ्या गुडघ्याला विचार:
अडतीस खेपा सत्तेचाळीस किलोच्या,
का सत्तेचाळीस खेपा अडतीसच्या?
मी आपलं गमतीनं म्हटलं.
वाटलं, हलकी गोणी बरी म्हणेल,
बापावर माया करेल.

ती पेन्सिल चावत बसली.
"वजन तेवढंच. पण सत्तेचाळीस खेपा म्हटल्या
तर सत्तेचाळीसदा मोकळं परतही यायचं.
ते धरलंत का?"

नव्हतं धरलं.
टोळीतल्या कुणीच कधी.
मजुरी गोणीवर मिळते,
परत येण्याला काटा नाही.

"मग ते कुठं लिहू?"
बाईंना विचार, म्हटलं. झोप आता,
मला चारला मार्केटच्या गेटवर पोचायचंय.
आकडा उचलून खुंटीला लावला
तसं पान पुन्हा फडफडायला लागलं.
ते तळहातानं दाबून धरून
ती अजून बसलीय.