छर्रा कुठं थांबतो

उदगीरच्या बंद जिनिंगमागं
रविवारी सकाळी आम्ही सातजण.
सरकीच्या पोत्याला पुठ्ठा,
पुठ्ठ्यावर वाटी पालथी घालून ओढलेला गोल,
दहा मीटरवर चुन्याची रेघ.

ह्या रविवारी कुणी खांदा लावला नाही.

मधोमध विटेवर एक होला.
पंखाखाली भोक,
मुंगी अडखळेल एवढंच.
"नळेगाव रोडच्या पोरांचं काम," गुणवंत म्हणाला,
"आपल्यातल्या कुणाचं नाही."
आपल्यातल्या हा शब्द
त्यानं दोनदा वापरला.

मन्मथप्पा, रिटायर तलाठी,
वही घेऊनच आलेले.
"उद्या कुणाचा डोळा फुटला
की पंचनामा, जप्ती, सगळ्यांच्या घरी शिपाई.
सरकार कुलूप लावतं तेव्हा किल्ली घेऊन जातं.
आपण लावलं तर
किल्ली आपल्या करदोड्याला."

"काय करलालाव अप्पा?" दस्तगीर हसला.
गावातल्या निम्म्या बंदुकांच्या स्प्रिंगा
त्याच्याच हातच्या.
"आपण आपले हात बांधून घेतले
म्हणून कुणी पाय सोडणार हाय का?"

ह्यावर कुणाकडं उत्तर नव्हतं,
म्हणून लिहायला सुरुवात झाली.

कुणी पाखरावर नेम धरायचा नाही.
रस्त्याकडं नळी नाही.
लेकरांच्या हातात एकट्यानं नाही.
तिथवर सरळ गेलं.
मग वानरांवर अडलं.
हरभऱ्यात टोळी उतरते, तेव्हा काय आरती करायची?
नुसता आवाज करा, अप्पा म्हणाले.
रिकामी उडवली तर स्प्रिंग जाते, दस्तगीर म्हणाला.
अर्धा तास वानरं वहीच्या समासात बसून राहिली.

मला चौदाव्या वर्षीचा आखाडा आठवत होता.
साळुंकी लगेच पडली नव्हती.
फांदी घट्ट धरून बसली,
जणू मीच पडेन अशी वाट बघत.
तिथं साहेब नव्हता, कलम नव्हतं.
तरी मी बंदूक तुराट्यांत दडवली,
वर्षभर.
वर्षानं काढली.
हे वर्षानं काढणं कुठल्या कलमात बसतं
मला सांगता येत नाही.

तेवढ्यात दस्तगीरनं
घड्याळ दुरुस्तीच्या चिमट्यानं
होल्यातून छर्रा काढला
आणि वहीवर ठेवला.
चेपलेला, तरी तोंड सपाट.
पोरं टोकदार वापरतात, स्वस्तातले.
सपाट आपण मागवतो हैदराबादहून,
पुठ्ठ्याला भोक गोल पडावं म्हणून.

कुणी कुणाकडं बघितलं नाही.
माझा डबा खिशात होता.
मोजायला भीती वाटावी
इतका तो हलका लागला.

अप्पांनी चष्मा पुसला.
पहिल्या ओळीतलं 'कुणी' खोडलं,
वर बारीक अक्षरात लिहिलं
'आम्ही'.
खालचं क्रियापद आता जुळत नव्हतं.
ते त्यांनी तसंच ठेवलं
आणि पेन
माझ्याकडं सरकवला.