सव्वानऊचा उंचवटा

किनलॉखलेव्हन. तीन बाजूंना डोंगर, चौथीकडे खाडी,
आणि इशबेल मॅकफेलच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत
काडेपेटीहून लहान एक पाटी.
पाटीवर तांदळाएवढी चिप,
चिपेला टाचणीच्या टोकाएवढं भोक.
तेवढ्यातून ती आभाळ तोलते,
असं निदान माहितीपत्रकात लिहिलंय.

इशबेलच्या जिन्यात आजोबांचा पितळी वायुभारमापक आहे.
काचेवर टिचकी मारली की काटा दचकतो,
पण काटा आता तिला दिसत नाही.
ॲल्युमिनियमच्या भट्टीसमोर एकतीस वर्षं,
डोळे तिथेच खर्ची पडले.
मी वरच्या मजल्यावर राहते, शाळेत फिजिक्स शिकवते.
म्हणाली, मला ऐकू येईल असं काहीतरी कर.
केलं. दाब एका हेक्टोपास्कलनं हलला
की यंत्र आकडा बोलतं.

पहिल्या दिवशी बोललं: एकशे ऐंशी.
म्हणजे आम्ही दोघी एव्हरेस्टच्याही वर चहा पीत होतो.
चिपेच्या पोटातले अकरा स्थिरांक वाचताना
एकाचं ऋणचिन्ह मी गिळलं होतं.
दोन रात्री गेल्या. एका आडव्या रेघेपायी.

मग तापमान. खोलीत सतरा, चिप म्हणे चोवीस.
शेजारच्या रेग्युलेटरला पाठ लावून
चुलीपुढच्या मांजरासारखी शेकत बसलेली.
एक कूस गरम, एक गार;
दुरुस्तीच्या गणितानं कुठली कूस धरायची?
चार बारीक तारा जोडून तिला वेगळं बिऱ्हाड दिलं.
सोल्डरच्या चटक्यानं रुसली,
आठवडाभर दीडाने फुगलेली, मग हळूहळू उतरली.
फ्रिजमध्ये ठेवून पाहिली, लेट्युसशेजारी.
दार लावलं की आकडा क्षणभर घसरे.
चूक म्हणून मी ते वहीत लिहिलंसुद्धा,
मग खोडलं: कोंडलेली हवा गार होताना आक्रसते.
ती खरंच सांगत होती.

जानेवारी सरळ गेला.
फोर्ट विल्यमच्या केंद्राशी फरक दशांशाचा.

आणि अकरा फेब्रुवारीपासून
सकाळी सव्वानऊला आलेखावर एक उंचवटा.
पावणेदोन हेक्टोपास्कल. नऊएक मिनिटं. पुन्हा सपाट.
रोज नाही. कधी लागोपाठ, कधी आठवडाभर गायब.
फोर्ट विल्यम ढिम्म.
मी बॉयलर तपासला, टोस्टर तपासला,
शाळेच्या बसचं वेळापत्रक आलेखाशेजारी लावून पाहिलं.
चोर सोडून संन्याशाला फाशी,
तसा एक निर्दोष कपॅसिटर उपटला.

शेवटी, काही कळेना म्हणून, खाली जाऊन सांगितलं.
इशबेलनं आकडा विचारलाच नाही. तारीख विचारली.
अकरा, म्हणाले.
"मग बरोबर," ती म्हणाली. "तेव्हाच येतो तो.
नोव्हेंबरात डोंगरामागे जातो तो परत.
आधी माझ्या खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात,
चहा निवायच्या आत निघूनही जातो."

ऊन!
सिलिकॉनला उजेड बाधतो,
हे मी मुलांना सौर पट्ट्या दाखवताना दरवर्षी सांगते.
भोकातून तिरीप आत शिरते
आणि चिप बिचारी
उजेडाचंही वजन करून टाकते.

"काळ्या स्पंजानं झाकते," मी म्हणाले,
"हवा आत जाईल, ऊन नाही जाणार."
कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं,
पण आलेखात तरी राहील.

इशबेल गप्प.
मग म्हणाली, "ते बोललं की मी उठते,
भिंतीला धरत धरत जाते, खिडकीत तोंड धरते.
मला वाटलं, तू मुद्दाम केलंयस."

स्पंजाचा तुकडा अजून माझ्या कोटाच्या खिशात आहे.
वहीत त्या रकान्यापुढे मी 'ज्ञात त्रुटी' असं लिहिलंय.
फोर्ट विल्यमशी आमचं पावणेदोनाचं भांडण चालू आहे,
नऊ मिनिटांपुरतं,
आभाळ मोकळं असेल त्या दिवशी.