भरलेली वजा रिकामी

सावद्याच्या वजनकाट्यावर माझी रातपाळी.
केळीचा ट्रक भरून येतो, आकडा लिहितो,
गाडी रिकामी होती तेव्हाचा आकडा त्यातून काढतो,
उरतं ते केळीचं.
बावीस वर्षं एवढंच गणित.

सुपडूभाऊची हर्षाली साडेनवाला आली.
पिशवीत फाईल, फायलीत उत्पन्नाचा दाखला, रहिवासी,
आणि नॉन-क्रिमीलेअरची नुसती पावती;
दाखला अजून तहसीलमध्येच झोपलेला.
इथं प्रिंटर आहे, नेटही रात्री बरं चालतं.
बाप बाहेर गाडीवर, पाल्यात घड रचतोय.
दुपारीच म्हणाला होता,
"तुले समजतं, पोरीचं नीट लावून दे."

पुण्याच्या एका कॉलेजातून तिला रोज फोन येतो.
मॅडम म्हणतात.
पुस्तिका पाठवली गुळगुळीत, तिच्यावर हिरवळ,
हिरवळीवर हसणारी पोरं,
एकाच्याही हातात डबा नाही.
म्हटलं, पोरी, ही भरलेली गाडी.
यातून रिकामी काढून बघ.
शिकवणीची फी पोरींना माफ, मान्य.
पण विकास शुल्क? वसतिगृह? खाणावळ?
ती परत मिळणारी अनामत,
जी परत मिळालेला माणूस मी अजून पाहिला नाही?
शिष्यवृत्ती येते फेब्रुवारीत, नाहीतर पुढल्या पावसाळ्यात;
मेसवाला येतो एक तारखेला.
तिनं पावतीबुकाच्या पाठीवर मांडलं.
चार वर्षांचे पाच लाख दहा हजार.
मग आम्ही दोघं थोडा वेळ पंख्याकडं बघत बसलो.

पुस्तिका उलटी झाली, तिच्यावर चहाचा कप.
मग यादी.
मी सगळ्यात वर टाकलं जळगावचं सरकारी.
एसटीनं दीड तास, वसतिगृह स्वस्त,
तुझ्या पर्सेंटाईलला आरामात बसतं.
पक्कं ते आधी, म्हटलं.

ती पेनाचं टोपण चावत होती.
"काका, माहितीपुस्तिका वाचली का तुम्ही?"
चाळली.
"मी दोनदा वाचली. पहिल्या नंबरचं लागलं
तर तेच घ्यावं लागतं. पुढची फेरीच नाही."
मी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.
"पक्कं खाली ठेवायचं, ते कुठं पळत नाही.
वर ठेवायचं ते,
जे नाही लागलं तरी आपलं काही जात नाही."
आणि लिहिलं: एक, पुण्याचं सरकारी.
"नाही मिळायचं. पण लिहिते."
दोन संभाजीनगर. तीन अमरावती.
जळगाव चौथं.
बावीस वर्षांत कुणी माझी बेरीज अशी उलटी केली नव्हती,
आणि ती बरोबर होती.

ओटीपी सुपडूभाऊच्या फोनवर.
खिडकीतून हाक मारली.
चिकानं काळी पडलेली बोटं त्यानं सदऱ्याला पुसली,
ती काळीच राहिली.
"चार... शून्य... शून्य... थांब, अंधार झाला याच्यात."
तिसऱ्यांदा जमलं.
"कितले लागतीन?"
आत्ता काही नाही, बाबा.
"आताचे नाही इचारत."
तिनं सांगितलं: जळगाव लागलं तर पहिल्या वर्षाचे अडतीस हजार.
वरचं लागलं तर थोडे जास्त, मांडून ठेवलेत.
त्यानं मान हलवली, गाडीवर चढला,
आणि घड पहिल्यापासून मोजायला लागला.

लहानपणी ही पोर याच काट्यावर उड्या मारायची.
आमचा काटा दहाच्या पटीत बोलतो:
कधी दहा, कधी वीस.
मी म्हणायचो, एवढीशी तू, त्याला कळत नाहीस.

आज प्रिंट छातीशी धरून ती प्लॅटफॉर्मवरून चालत गेली.
आत लाल आकडा पेटला. पन्नास.
रजिस्टरात लिहायचं काही कारण नव्हतं.
पण ती उतरून गेल्यावर
शून्य आलंय की नाही, हे बघायला मी जरा उशीर केला.
मागं दिल्लीची गाडी हॉर्न देत होती.