सामान्यज्ञान, दर गुरुवारी

आमची वेळ जगाशी अर्धा तास फटकून.
ग्रिनिचच्या साडेतीन तास मागं,
मुख्य भूमीवरचं एकही घड्याळ आमच्याशी बोलत नाही.
तरी गुरुवारी सात म्हणजे सात:
लॅम्ब्स टिकलच्या सभागृहात, उकळत्या किटलीशेजारी
पाच टेबलं, पाच पेन्सिली,
आणि गुण मांडायला मी.

प्रश्न काढते नवी मास्तरीण, तारा ओलेक्सिन.
गव्हाच्या सपाट मुलखातली पोर;
समुद्र बघायचा तर तिच्या गावाहून
दोन दिवस गाडी हाकावी लागते.

"इतिहासातलं सगळ्यात छोटं युद्ध?"
झांझिबारचं. अडतीस मिनिटं, की अशीच काहीतरी.
"तेवढ्यात आमच्या चर्चमधल्या गायकांचा सूरही लागत नाही,"
सिरिल टक म्हणतो. तो त्यांतलाच एक.

"ऑक्टोपसला हृदयं किती?"
तीन.
एफी नोझवर्दी चष्मा पुसत, स्वतःशीच:
"बरंय बाई. एक मोडलं तरी भागतं."

"दिवस वर्षाहून मोठा, असा ग्रह?"
कुणी मंगळ लिहितं, कुणी गुरू लिहून खोडतं.
विनी स्नेलग्रोव्ह मान वर न करता लिहिते, शुक्र.
तिचा नवरा अल्बर्टात तेल उपसतो,
तीन आठवडे तिकडं, एक आठवडा इकडं.
असले हिशेब तिला तोंडपाठ.

"हात न लावता वाजणारं वाद्य?"
"माझं छप्पर!" लिअँडर पाइक ओरडतो.
उत्तर थेरमिन.
"अगं, वाऱ्याला ऐकून बघ एकदा. अर्धा तरी गुण दे."
अर्धा गुण नसतो, तारा सांगते.
उत्तर बरोबर असतं, नाहीतर चूक.

"अकॉर्डियन हे नाव पहिल्यांदा पेटंटवर चढलं, ते शहर?"
व्हिएन्ना.
लिअँडरचा अकॉर्डियन त्याच्याच पायाशी, पेटीत.
त्यानं लिहिलंय: आमचा पोटमाळा.
शून्य.

मग तारानं पुढचं कार्ड उचललं
आणि ऑक्टोपसला वापरला होता त्याच आवाजात वाचलं,
"न्यूफाउंडलंडची कॉडची मासेमारी सरकारनं बंद केली, ते वर्ष?"
वर म्हणाली, "सोपा आहे."

किटली खट्ट करून थांबली.
पेन्सिली तर आधीच थांबल्या होत्या.
माहीत नव्हतं असं नाही. पण भर सभेत
कुणी आपल्याच नावाचं स्पेलिंग विचारावं,
तसे सगळे बसले.
सिरिल आपले तळवे बघत होता, जाळ्यानं चिरलेले,
आता गुळगुळीत.

मी कागद गोळा केले.
चार कोरे.
पाचव्यावर लिअँडरचं वाकडंतिकडं अक्षर:

*गुरुवार होता.
होडीला हिरवा रंग दिला होता.
वाळायचा होता.*

तारानं वाचलं. परत वाचलं.
तिच्या कार्डामागं फक्त एकोणीसशे ब्याण्णव.
ती जन्मली त्यानंतर.
"याला काय देऊ?" तिनं हळूच मला विचारलं.
मी म्हटलं, नियम तुझे.

ती उठून त्याच्या टेबलापाशी गेली,
कार्डं तशीच खुर्चीवर टाकून.
"हिरवा, म्हणजे कसला हिरवा?"

लिअँडर थांबला. सबंध संध्याकाळीत पहिल्यांदा
त्याला उत्तराला वेळ लागला.
"बाटलीसारखा," तो म्हणाला.

"काहीतरीच!" एफी पलीकडून.
"तुझी निळी होती. हिरवी सिरिलची."
"माझी? माझी त्या साली विकलेली."
"विकली नाहीस, जाळलीस. धूर माझ्या वाळत्या कपड्यांना."
"किती डबे रंग लागला, ते तरी आठवतंय का?"
"अडीच!" दोन टेबलं एकदम ओरडली,
आणि तिसरं म्हणालं, छे, तीन.

कार्डावर नसलेल्या या प्रश्नांना
गुण कुठल्या रकान्यात मांडायचे, कळेना.
मी पेन्सिल कानामागं खोचली, किटली पुन्हा लावली.
नऊ वाजून गेले होते आमच्याकडं.
पलीकडच्यांना अजून अर्धा तास होता.