गोगलगायींची वही

रात्री दोननंतर म्वान्झात नेट जरा धावतं.
न्यामिझी तेव्हाच बसते.
मीही जागाच; पहारेकऱ्याला काय,
जागरणाचाच पगार.

एरवी लेखाला दार असतं:
चाळीस डॉलर टाका, मग आत या.
ती उंबऱ्यावर सारांश वाचून परतते,
लग्नघरचा नुसता वास घेऊन.

आज कोपनहेगनला कुणीतरी
एका जुन्या वहीची पानं उघड्यावर ठेवलीत.
त्र्याऐंशी टक्के. अडकलं.
सरोवरावरून चिलटांचा ढग आला, पडद्याला चिकटला.
चौऱ्याऐंशी.

मग आमचंच सरोवर. आमच्याच गोगलगायी,
एकोणीसशे चोपन्न, खाडीगणिक मोजलेल्या,
आणि समासात एक ओळ, तिनं वाचून दाखवली:
'पोऱ्यानं आणल्या, दोनशे बारा.'

पोऱ्या.
माझा बाप गुडघाभर पाण्यात उभा राहायचा
साहेबाची बरणी धरून.
पुढे लघवीतून रक्त जायचं त्याच्या.
गोगलगायींनीही मोजला होता त्याला.

"नाव काय त्यांचं?"
लुहेंडे, म्हणालो. दोनदा सांगावं लागलं,
घसा साथ देईना.

पहाटे तिनं आपले आकडे त्या आकड्यांशेजारी मांडले,
कुणीही उचलावेत असे.
गोळा करणारे: लुहेंडे, न्यामिझी.
चहाला उकळी येते तोच रेसिफेहून कुणी विचारतं,
तिसऱ्या खाडीत तेव्हा इतक्या कमी कशा?

ती माझ्याकडे बघते.
तिथं बदकं असायची, मी म्हणतो,
थव्यांनी. बाप सांगायचा.
वहीत नाही हे.

ती टाइप करू लागते.